आईचं मतदान कार्ड हरवलं? आधी यादीतलं नाव बघा

प्रश्न विचारणारे देवगड तालुक्यातले आहेत, नोकरीमुळे विरारला राहतात. आई गावी असते. ती एसटीने कणकवलीला डॉक्टरांकडे गेली होती, येताना स्टँडवर पाकीट कुठेतरी पडलं. पैसे थोडेच होते, पण मतदान कार्ड त्यातच होतं. झेरॉक्स काढलेली नाही, नंबर कुणाला आठवत नाही. विरारच्या एका झेरॉक्सवाल्याने त्यांना सांगितलं, "सहा नंबरचा फॉर्म भरू, इकडच्याच पत्त्यावर नवीन कार्ड येईल." तसं करावं का, हा त्यांचा प्रश्न.

करू नका. बाकी सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण तो फॉर्म आज भरायला दिला असेल तर आधी फोन करून थांबवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षं मालवण तालुक्यात बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम केलं. शाळा सुटली की यादी पिशवीत घालून वाडीवाडीवर फिरायचं. त्या चौदा वर्षांत कार्ड हरवलेली शेकडो माणसं भेटली आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असायचा: "बाईनू, माजा कार्ड खंय गेला तां म्हायत नाय. आता माका मत देऊक गावात काय?" गावणार, म्हणजे मिळणार. कार्ड ही फक्त ओळख आहे. मताचा हक्क मतदार यादीतल्या नावाने मिळतो, आणि लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या 62 व्या कलमात तेच लिहिलं आहे. तुमच्या आईचं पाकीट स्टँडवर पडलं, पण तिचं नाव गावच्या यादीत जसं होतं तसंच आहे.

आता सहा नंबरच्या फॉर्मचं. तो यादीत नव्याने नाव घालण्याचा अर्ज आहे. तो भरताना अर्जदार सही करून सांगतो की माझं नाव दुसऱ्या कुठल्या मतदारसंघाच्या यादीत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत हे खरं नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातली 17 आणि 18 ही कलमं एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा ठेवायला मनाई करतात, आणि 31 व्या कलमात खोट्या निवेदनासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. दुकानदार फॉर्म भरून मोकळा होतो. सही तुमच्या आईची असते.

शिक्षा सहसा होत नाही हे मी मान्य करते. पण नुकसान होतं, आणि ते मी समोर बसून पाहिलं आहे. आमच्याकडचे एक आजोबा. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात त्यांच्या घराचे नळे, म्हणजे कौलं, उडाले, कागदपत्रांच्या पेटीत पाणी शिरलं, कार्डाचा लगदा झाला. मुलगा पावसाळ्यापुरतं त्यांना नालासोपाऱ्याला घेऊन गेला. तिथे कुणीतरी असाच सहा नंबरचा फॉर्म भरून दिला. काही महिन्यांनी नवीन कार्ड आलं, सगळे खूश. पण निवडणूक आयोगाची संगणक प्रणाली नाव, वडिलांचं नाव, वय आणि फोटो जुळणाऱ्या नोंदी शोधून काढते. त्यात आजोबांच्या दोन नोंदी सापडल्या. गावच्या घराला कुलूप, चौकशीला उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून गावचं नाव वगळलं गेलं. 7 मे 2024 ला आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान होतं. आजोबा तोपर्यंत गावी परत आले होते. सकाळी सात वाजता, धुतलेला सदरा घालून, शाळेच्या पडवीत माझ्यासमोर उभे राहिले. मी यादी तीनदा चाळली. नालासोपाऱ्याचं मतदान 20 मेला होतं, पण पुन्हा एवढा प्रवास करण्याची त्यांची तब्येत नव्हती. ते काही बोलले नाहीत, "बरां" म्हणाले आणि परत फिरले. आयुष्यात एकही मतदान न चुकवलेला माणूस होता तो. त्या दिवसापासून कार्ड हरवलं म्हणून कुणी विचारायला आलं की मी आधी हेच सांगते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आईचं नाव यादीत कुठे आहे ते शोधणं. त्याबरोबर हरवलेला नंबरही मिळतो. आयोगाच्या मतदार पोर्टलवर (व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन) यादीत नाव शोधायची सोय आहे. तिथे तीन वाटा आहेत: कार्डाच्या नंबरावरून, मोबाइल नंबरावरून आणि माहितीवरून. तुमच्याकडे नंबर नाही, म्हणून माहितीची वाट घ्या. राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, आईचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय.

इथे दोन ठिकाणी लोक अडतात. पहिली अडचण मतदारसंघाची. तालुका आणि विधानसभा मतदारसंघ एकच असेल असं समजू नका. देवगड तालुका आज कणकवली मतदारसंघात आहे, क्रमांक 268. मालवण तालुका कुडाळमध्ये, 269. वेंगुर्ला आणि दोडामार्ग सावंतवाडीत, 270. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुका दापोलीत जातो, 263. 2008 च्या पुनर्रचनेआधी देवगड, मालवण, वेंगुर्ला हे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होते, म्हणून जुन्या कार्डांवर तीच नावं छापलेली आहेत. लोकांना ती नावं पाठ असतात, पोर्टलवर ती शोधतात आणि सापडली नाहीत की घाबरतात.

दुसरी अडचण नावाच्या लिखाणाची. गावकर आणि गांवकर, मेस्त्री आणि मिस्त्री, इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर विचारूच नका. आईच्या वयाच्या बायकांचं आणखी एक असतं. माहेरची सुलोचना लग्नानंतर सुनीता झालेली असते, आधारवर एक नाव आणि यादीत दुसरं. एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा, आडनाव गाळून शोधा, वय दोन वर्षं मागेपुढे करून बघा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात, 1993 मध्ये, फोटो ओळखपत्रं सुरू झाली तेव्हा गावोगावच्या कॅम्पमध्ये म्हाताऱ्या माणसांची वयं अंदाजाने लिहिली गेली. तेच अंदाज आजपर्यंत चालत आलेत.

एवढं करूनही नाही सापडलं तर गावच्या बीएलओंना फोन करा. ते अंगणवाडीसेविका असतील, शिक्षक असतील, ग्रामपंचायतीतले कुणी असतील. सरपंचांना किंवा शाळेत विचारलंत तर लगेच नंबर मिळतो. त्यांच्याकडे त्या भागाची छापील यादी असते आणि यादीत प्रत्येक मतदाराच्या चौकटीत कार्डाचा नंबर छापलेला असतो. वाडीचं नाव आणि घरातल्या आणखी एकाचं नाव सांगितलंत की दोन मिनिटांत नंबर निघतो, कारण एका घरातले मतदार बहुधा एकापाठोपाठ येतात. बीएलओ सापडेना तर 1950 हा टोल फ्री नंबर आहे. पण गावात गावच्या माणसाकडून काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

घरात कुठे जुनी झेरॉक्स सापडली आणि तिच्यावरचा नंबर एमटी या अक्षरांनी आणि तिरप्या रेघांनी सुरू होत असेल, तर तो जुन्या पद्धतीचा नंबर आहे. हल्लीचा नंबर एकूण दहा चिन्हांचा असतो, तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. पोर्टलवर जुना नंबर चालला नाही म्हणजे नाव गेलं असं नाही. नावावरून शोधा, यादीत नवा नंबर लावलेला सापडेल.

नाव सापडलं की यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि कार्डाचा नंबर या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाका. अर्धं काम इथेच झालं.

आता खरा अर्ज, आठ नंबरचा. पूर्वी बदली कार्डासाठी वेगळा फॉर्म होता, 001 नंबरचा. 1 ऑगस्ट 2022 पासून तो बंद झाला आणि सगळं आठ नंबरमध्ये आलं. अजूनही काही दुकानांत जुना फॉर्म झेरॉक्स करून विकला जातो, तो घेऊ नका. आठ नंबरच्या फॉर्ममध्ये चार कामं आहेत: पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, दुरुस्तीशिवाय बदली कार्ड, आणि दिव्यांग म्हणून नोंद. त्यातलं एक निवडायचं असतं. बदली कार्ड निवडलंत की कारण विचारतात. हरवलं, पूर-आग-नैसर्गिक आपत्तीत नष्ट झालं, किंवा खराब झालं.

निवडण्याआधी एक मिनिट थांबा आणि यादीतली आईची नोंद नीट वाचा. नवं कार्ड यादीतूनच छापलं जातं. यादीत वय चुकलेलं असेल, आडनावातलं अक्षर चुकलेलं असेल, फोटो ओळखू न येण्याइतका जुना असेल, तर बदली कार्डावरही तेच सगळं छापून येईल. अशा वेळी बदली कार्ड न निवडता दुरुस्ती निवडा, पुराव्याचा कागद जोडा. दुरुस्ती मंजूर झाली की दुरुस्त कार्ड नव्याने छापून येतं, म्हणजे एका अर्जात दोन्ही कामं होतात. मी हे सांगते, कारण कार्ड हातात पडल्यावर लोक चूक बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

अर्ज तुम्ही विरारहून भरू शकता. पोर्टलवर मोबाइल नंबरने खातं उघडा, आठ नंबरचा फॉर्म घ्या. सुरुवातीलाच विचारतात की अर्ज स्वतःसाठी की दुसऱ्या मतदारासाठी. दुसऱ्या मतदारासाठी निवडून आईचा नंबर घाला. नाव आणि मतदारसंघ समोर येतो, तो बरोबर आहे ना बघून पुढे जा. अर्ज पाठवताना आधारवरून ओटीपी मागितला तर आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. आईचा आधार गावच्या फोनला जोडलेला असेल तर तिच्याशी बोलत बोलतच अर्ज भरा. तिचं घर सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, असेल आणि रेंज येत नसेल, तर ती सड्यावर किंवा देवळाकडे गेल्यावर फोन करायचं आधीच ठरवून घ्या, कारण ओटीपीची मुदत तिथवर चढेपर्यंत संपून जाते. पैसे भरायची पायरी या अर्जात येत नाही. कुणी पाचशे रुपये मागितले तर ते त्याच्या टंकलेखनाचे आहेत, कार्डाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवा. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो. तो लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्या क्रमांकावरच होते.

आईला स्वतः करायचं असेल तर कागदी फॉर्म बीएलओकडे किंवा देवगडच्या तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत द्यायचा. फॉर्म मराठीत मिळतो. खाली पोचपावतीचा तुकडा असतो. तो सही-शिक्का घेऊन फाडून घेतल्याशिवाय उठू नका. गर्दीच्या दिवशी "नंतर या" असं सांगतात, तरी तिथेच थांबा. पावती नसलेल्या अर्जाचा माग काढणं फार कठीण जातं.

हरवलं हे कारण लिहिलंत की पोलिसांकडच्या नोंदीची प्रत लागते असं धरून चाला. त्याला घाबरायचं कारण नाही. पोलीस ठाण्यात जाऊन कार्ड कधी आणि कुठे गहाळ झालं हे साध्या अर्जावर लिहून द्यायचं आणि नोंदीची शिक्क्याची प्रत घ्यायची. तुमच्या आईचं पाकीट कणकवली स्टँडवर पडलं म्हणून कणकवलीला दिलं तर उत्तम, पण तिला पुन्हा तेवढा प्रवास नको असेल तर देवगडला विचारा. पाकिटात आधार, बँकेचं एटीएम कार्ड असं आणखी काही असेल तर सगळं त्याच अर्जात लिहा. ही नोंद मी फक्त निवडणुकीसाठी सांगत नाही. दुसऱ्याचं ओळखपत्र वापरून सिमकार्ड घेणारे लोक असतात. उद्या काही झालंच, तर कार्ड अमुक तारखेपासून आपल्याकडे नव्हतं हे दाखवायला तुमच्याकडे कागद असतो.

पुरात किंवा वादळात गेलेल्या कार्डाचं कारण वेगळं लिहायचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं, त्याच दिवसांत महाडलाही तेच झालं. तिथल्या बाजारपेठा चिखलाने भरल्या होत्या. अशा वेळी कार्ड हरवलेलं नसतं, नष्ट झालेलं असतं. त्याआधी 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात छप्परं उडाली. मग ज्या तलाठ्याने घरनुकसानीचा पंचनामा केला, त्याची प्रत जोडली की काम सोपं होतं. खारवी, गाबीत अशा मच्छीमार घरांतून येणारी कार्डं बहुतेक तिसऱ्या कारणाची असतात. होडीवर ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं, खाऱ्या पाण्याने लॅमिनेशन सुटतं, आतला कागद पिवळा पडतो आणि फोटो जातो. तेव्हा "खराब झालं" लिहा आणि जुनं कार्ड परत करा. हरवलेलं कार्ड नंतर सापडलं तर तेही परत करायचं असतं, फॉर्ममध्ये तसं आपण लिहून देतो.

अर्ज गेल्यावर तो मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे जातो, म्हणजे बहुधा प्रांतांकडे, आणि सहाय्यक म्हणून तहसीलदार बघतात. मधे बीएलओ घरी येऊन खात्री करू शकतात. आईला आधीच सांगून ठेवा की असं कुणी येईल. आमच्याकडे एक मावशी होत्या. मी दारात उभी राहून कार्डाचं विचारल्यावर त्यांनी "आमी कायएक अर्ज केलेलो नाय" म्हणून मला परत पाठवलं होतं. मुलाने मुंबईहून अर्ज केलेला त्यांना ठाऊकच नव्हतं.

मंजुरीनंतर कार्ड स्पीड पोस्टाने येतं. जून 2025 मध्ये आयोगाने जाहीर केलं की यादीतली नोंद किंवा बदल झाल्यापासून 15 दिवसांत कार्ड पोहोचेल आणि प्रत्येक टप्प्याचा एसएमएस मिळेल. हे दिवस अर्ज भरल्यापासून मोजू नका, मंजुरीपासून मोजा. कोकणात पोस्टाचा टप्पा मात्र मला नेहमी सगळ्यात नाजूक वाटत आला आहे. पत्त्यात "मुक्काम पोस्ट" आणि गाव एवढंच असतं, वाडी नसते. एका गावात सात-आठ वाड्या, एकेका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं. पोस्टमन जुना असेल तर तो माणसाच्या नावावरून घर ओळखतो. नवीन आला तर कार्ड पोस्टात पडून राहतं आणि मग परत जातं. ज्यांच्या घराला वर्षभर कुलूप असतं, त्यांचं तर हमखास परत जातं. म्हणून अर्जातल्या मोबाइलच्या रकान्यात आई ज्या फोनवर खरोखर बोलते तोच नंबर द्या, आणि गावच्या शाखा डाकघरात एकदा सांगून ठेवा. परत गेलेलं कार्ड शोधायचं तर तहसीलच्या निवडणूक शाखेत संदर्भ क्रमांक घेऊन जायचं.

कार्ड हातात येईपर्यंत, किंवा आलं तरी, ई-एपिक उतरवून ठेवा. 25 जानेवारी 2021 ला, राष्ट्रीय मतदार दिनी, ही सोय सुरू झाली. ते कार्ड पीडीएफ स्वरूपात असतं, त्यावर क्यूआर कोड असतो, आणि छापून लॅमिनेट करून वापरता येतं. त्यासाठी मोबाइल नंबर यादीतल्या नोंदीला जोडलेला लागतो. जोडलेला नसेल तर आठ नंबरच्या फॉर्ममध्ये दुरुस्ती निवडून जोडता येतो. एकदा उतरवलं की डिजिलॉकरमध्येही ठेवता येतं. कोकणातल्या हवेत कागद टिकत नाही. पेटीत ओल धरते, वाळवी लागते, बुरशी येते. फोनमधली प्रत तरी सुरक्षित राहते.

निवडणूक तोंडावर आली आणि कार्ड आलंच नाही तर काय, हे तुमच्या मनात असेलच. काही अडत नाही. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी फोटो असलेली इतर ओळखपत्रं चालतात. आधार, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पेन्शनचं कागदपत्र, दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड. आईकडे आधार असेलच, तेवढं पुरे. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र एकटी चालत नाही. ती केंद्र आणि अनुक्रमांक सांगते, ओळख पटवत नाही. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ती संस्था वेगळी आहे, पण यादी विधानसभेच्याच यादीतून फोडून केलेली असते, म्हणून नाव तिथे असलं की इथेही असतं.

माहेरचं जुनं कार्ड घेऊन सासरी मत द्यायला येणाऱ्या बायकांना केंद्रावर कधीकधी उगाच थांबवलं जातं. दुसऱ्या मतदारसंघात दिलेलं कार्ड ओळख म्हणून चालतं. अट एवढीच की या केंद्राच्या यादीत तिचं नाव हवं. कार्डावरच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ चुकीसाठीही कुणाला परत पाठवत नाहीत. कुणी अडवलं तर शांतपणे केंद्राध्यक्षांकडे न्यावं. आणि हरवलेल्या कार्डावर कुणी आधीच मत देऊन गेलं असं निघालं, तर घरी परत यायचं नाही. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशाच वेळी मिळणारी वेगळी मतपत्रिका, मागायची. ती कायद्याने मिळते.

नाव यादीत खरोखरच नसेल, वगळलं गेलं असेल, तर मात्र सहा नंबरचा फॉर्मच भरायचा. त्यासाठी निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीच्या यादीत नाव घालता येत नाही, आणि हरकतींसाठी दिवस सोडावे लागतात, म्हणून त्याच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला हवा.

आता तुम्ही न विचारलेल्या, पण मला विरार वाचल्याबरोबर सुचलेल्या गोष्टीबद्दल. तुमचं स्वतःचं नाव कुठे आहे? आमच्या गावांतली निम्मी तरुण माणसं मुंबईत, आणि गावची यादी मात्र भरलेली. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात माणूस येतो, घर आपलं आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून मतही इथलंच असं लोकांना वाटतं. ती भावना मला कळते. पण 1950 च्या कायद्याचं 20 वं कलम सांगतं की केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. त्याच कलमात हेही आहे की तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. तुमची आई चार महिने तुमच्याकडे राहून गेली तरी तिचं गावचं नाव सुरक्षित आहे, ते हलवायची गरज नाही. तुम्ही मात्र दहा-पंधरा वर्षं विरारला बिऱ्हाड करून असाल, तर तुमचं नाव तिकडे असायला हवं. ते नव्याने नोंदवायचं नसतं, आठ नंबरच्याच फॉर्ममध्ये पत्ता बदल निवडून हलवायचं असतं. नंबर तोच राहतो, नव्या पत्त्याचं कार्ड येतं. गावची नोंद आपोआप निघते, दोनदा नाव राहत नाही.

आई कायमची तुमच्याकडे राहायला आली तर तेव्हा तिचंही असंच हलवा. आज ती गावी राहते, गावच्या डॉक्टरकडे जाते, ग्रामसभेला बसते. तिचं मत तिथेच राहू द्या.

आणि तिचं वय 85 च्या पुढे गेलं असेल किंवा चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर लोकसभा-विधानसभेला ती घरूनच मत देऊ शकते. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत 12 डी हा अर्ज बीएलओमार्फत द्यावा लागतो. मुदत फार थोडी असते, म्हणून बीएलओंचा फोन नंबर तुमच्याकडेही असू द्या.

उद्या सकाळी आईला फोन करून गावच्या शाळेत बीएलओंबद्दल चौकशी करायला सांगा आणि यादीतला नंबर लिहून घ्या. पोलिसांकडची नोंद ती पुढच्या वेळी देवगडला गेली की करील. ती प्रत फोनवर आली की अर्ज तुम्ही संध्याकाळी घरी बसून भरा.